कोठीनाईकाची कुलूपबंद विहीर

खूप जुन्या काळची ही गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा विहिरीतली कासवंसुद्धा माणसांशी बोलायची आणि माणसं ती मुकाट्याने ऐकून घ्यायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी लहानसं राज्य होतं. त्या राज्याचं धान्याचं कोठार निंबाजी नावाचा कोठीनाईक सांभाळायचा. माणूस सरळ, सज्जन. उंदराला दाणा मिळायचा नाही आणि गरिबाला दाणा कमी पडायचा नाही, असा त्याचा चोख कारभार. राजा त्याच्यावर खूश होता आणि रयतही खूश होती.

पण सगळा जन्म कणग्यांच्या संगतीत गेलेला. त्यामुळे एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. कणगीतून मापटंभर धान्य काढलं की कणगी तेवढी उणी होते, आणि हात लावला नाही की भरलेली राहते. धान्यापुरतं हे अगदी बरोबर आहे, बरं का. पण निंबाजीने तोच नियम दिसेल त्या गोष्टीला लावला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

पहिल्यांदा त्याने तो लावला विहिरीला. परसात गोड्या पाण्याची विहीर होती. "रोज उपसून संपवायची कशाला? उद्या दुष्काळ पडला तर काय करायचं?" असं म्हणून त्याने विहिरीवर जाड फळ्या ठोकल्या, वर भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला अडकवली. त्याची बायको सगुणा नदीवरून पाणी आणून आणून वैतागली.

"अहो, पाणी म्हणजे काय लोणचं आहे का मुरत घालायला?" ती म्हणायची.

"तुला नाही कळायचं," निंबाजी म्हणायचा आणि कूस बदलायचा.

मग त्याने तो नियम लावला स्वतःच्या अंगाला. चाललं की ताकद खर्च होते, वाकलं की कंबर झिजते, म्हणून चालायचं नाही आणि वाकायचं नाही. कोठार घरापासून हाकेच्या अंतरावर, पण हा जायचा बैलगाडीतून. बैल बिचारे निघाले न निघाले तोच पोचायचे. पानावर बसला की मात्र हात आखडता नाही. "वाढ अजून, अंगात शिल्लक राहू दे," म्हणत भातावर तूप ओतून घ्यायचा आणि जेवल्या जेवल्या आडवा व्हायचा. कणगी भरायची भरपूर आणि काढायचं काहीच नाही, असा सगळा प्रकार.

व्हायचं तेच झालं. वहाणा घालायला वाकला तरी त्याला धाप लागायची. कोठारातल्या शिडीवर चढणं कधीच बंद झालं होतं. दिवसा झोपल्याने रात्री डोळ्याला डोळा लागेना. बरं, एवढं होऊनही शहाणपण सुचलं म्हणता? छे! त्याला वाटलं, अजून कुठेतरी उधळपट्टी होतेय. म्हणून तो आणखीच कमी हलू लागला.

त्याची एकुलती एक लेक होती, येसू. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस गेले आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. दिवाळी सरली आणि तिला मुलगी झाली. निंबाजीने नातीला मांडीवर घेतलं. तिने इवल्या मुठीत आजोबांची मिशी धरली ती सोडेचना. निंबाजी पार विरघळला.

आता त्या खोऱ्यात एक रीत होती. लेकीचं पहिलं बाळ चैत्रातल्या जत्रेला आईच्या वडिलांनी डोंगरावर देवीपाशी न्यायचं आणि देवीसमोर त्याच्या कानात त्याचं नाव सांगायचं. वाटेत हवं तितकं थांबावं, बसावं, पाणी प्यावं. पण डोलीत बसायचं नाही आणि बाळ दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. आजोबा हयातच नसले, तरच तो मान मामाचा.

"माझ्या नातीचं नाव मीच सांगणार!" निंबाजीने जाहीर केलं. एकदा चढण बघून यावं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी गेला. बाळ बरोबर नव्हतं, साधी काठीही जड वाटत होती. पहिल्या वळणापर्यंतच पोचला आणि मटकन खाली बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटलटू लागले. गाडीवानाने त्याला कसंबसं उचलून घरी आणलं.

संध्याकाळी तो लेकीजवळ गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "येसू, तुझ्या चुलतभावाला सांगू या का? तोही मामाच की."

येसूचे डोळे भरून आले. "आबा, मामाने न्यायचं ते आजोबा नसतील तर. तुम्ही असे समोर बसलेले असताना मी लोकांना काय सांगू?"

आणि ती बाळाला उराशी धरून रडायला लागली. निंबाजीच्या काळजाला घरं पडली. जिवंत असून आपण नसल्यासारखे झालो, याहून वाईट ते काय?

रात्रभर तळमळल्यावर त्याला एक गोष्ट आठवली. डोंगर नाही तर नाही, निदान आपलं साठवलेलं पाणी तरी नातीच्या अंघोळीला देऊ. सकाळीच त्याने सगुणाला आणि येसूला परसात बोलावलं, मोठ्या रुबाबात किल्ली काढली आणि गड्यांकडून फळ्या हलवून घेतल्या.

अशी घाण सुटली म्हणता! दोघींनी नाकाला पदर लावला. गड्यांनी तर पळच काढला. निंबाजीने कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाशी हिरवंगार, दाट पाणी होतं, आणि तेही थोडंसंच.

"एक थेंब काढला नाही मी! मग माझं पाणी गेलं कुठे?" तो ओरडला.

"गेलं कुठेच नाही," खालून आवाज आला. "आलंच नाही."

शेवाळातून एक म्हातारं कासव वर आलं. विहीर स्वच्छ राहावी म्हणून निंबाजीच्या आजोबांनी ते कधीतरी सोडलं होतं. फळ्या ठोकताना त्याची कुणाला आठवणही झाली नव्हती.

"नाईक, विहीर भरते ती झऱ्यांनी," कासव म्हणालं. "वरचं पाणी उपसलं की झऱ्यांना वाट मिळते, ते वाहते राहतात. तू उपसणंच बंद केलंस. गाळ बसला, झऱ्यांची तोंडं बुजली. उरलं ते कुजलं."

निंबाजीला राग आला. "तू मला शिकवतोस? तू स्वतः दगडासारखा बसून राहतोस, म्हणून तर इतकी वर्षं जगतोस!"

कासव खो खो हसलं. "बसून? अरे, मी सावकाश चालतो, पण चालतो! रोज कडेकडेने विहिरीला फेरी मारतो. तू अंधार केलास तरी चुकवली नाही. म्हणून आज तुझ्याशी भांडायला उरलोय. आणि एक सांगू? तुझं आणि या विहिरीचं दुखणं एकच आहे. कुलूप तू दोघांनाही घातलंस."

निंबाजीने हळूच विचारलं, "फार उशीर झाला का रे?"

"हातात दोर धरता येतो ना?"

"येतो."

"मग एक पोहरा ओढ बघू."

निंबाजीने रहाटावर दोर टाकला आणि एक पोहरा ओढला. निम्मं पाणी त्याच्याच अंगावर सांडलं, पण पोहरा वर आला. झालं! स्वारीला असा चेव चढला की दिवस मावळेपर्यंत पोहऱ्यामागून पोहरे. सगुणा नको नको म्हणत होती, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी महाराज अंथरुणातून उठेनात. कंबर धरली, खांदे आखडले, सगुणा शेकून शेकून दमली.

"बघितलंस? कणगी रिकामी झाली माझी!" तो कण्हत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मात्र तो कमरेवर हात ठेवून विहिरीपाशी गेला. कासव वाटच बघत होतं. "वर्षांचा गाळ एका दिवसात काढायला निघालास? असा दांडगाईने उपसलास तर विहिरीच्या कडाही ढासळतात, तुझी काय कथा! झेपेल तेवढं आज ओढ. उद्या पुन्हा ये. एवढंच कर."

निंबाजीने चारच पोहरे ओढले आणि तो थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्यानंतर तो येतच राहिला.

कोठारात तो पायी जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्याला चालत येताना बघून बैलांनी रवंथ करायचं थांबवलं. दुपारची झोप सुटली तशी रात्रीची परत आली. सगुणाने पानात भाकरी, पालेभाजी आणि ताक वाढायला सुरुवात केली आणि तुपाची लोटी फडताळात वर ठेवली.

"अगं, जरा तरी वाढ!" निंबाजी काकुळतीला यायचा.

"वाढते की, चमचाभर. पण पोटात थोडी जागा राहू द्या, श्वासालाही लागते."

माणूसच तो, एकदा घसरलाही. माघात एका लग्नात जिलब्यांवर असा आडवा हात मारला की नंतर दोन दिवस खाटेवरून उठला नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीत डोकावला तर पाण्यावर पुन्हा पातळ साय धरलेली. निंबाजीने निमूटपणे दोर हातात घेतला.

घाण पाणी केळींना गेलं. गडी उतरून गाळ भरायचे, निंबाजी वरून टोपल्या ओढायचा. आणि एका सकाळी दगडांच्या फटीतून पाण्याची बारीक धार उडाली. स्वच्छ, गार, जिवंत झरा!

"अगं ए! धाव! येसू, बाळाला घेऊन ये!" निंबाजी लहान मुलासारखा ओरडत घरात पळाला. पळाला बरं का, आणि पळाल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी नातीची अंघोळ घरच्या पाण्याने झाली. सगुणा मात्र दारात उभी राहून नवऱ्याकडेच बघत होती. किती वर्षांनी तिने त्याला असं पाहिलं होतं!

चैत्र आला. जत्रेच्या दिवशी निंबाजीने नातीला उपरण्याने छातीशी बांधलं आणि चालायला सुरुवात केली. पहिलं वळण मागे पडलं, तसा तो मनात हसला. पण डोंगर काही परसातली विहीर नव्हे. शेवटच्या उभ्या चढणीपाशी पाय थरथरायला लागले आणि तो चाफ्याखाली बसला. माणसं पुढे निघून जाऊ लागली.

"नाईक, बसा की डोलीत," एक भोई म्हणाला. "देवी काय हिशेब मागायला येतेय?"

त्याचा पुतण्या, येसूचा तो चुलतभाऊ, पुढे झाला. "काका, द्या बाळ इकडे. इथवर आलात, पुष्कळ झालं."

निंबाजीने वर पाहिलं, चढण अजून बरीच होती. येसू शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांतली भीती त्याला दिसली. त्याचे हात उपरण्याच्या गाठीकडे गेले. तेवढ्यात बाळ जागं झालं आणि त्याने पुन्हा ती मिशी धरली.

"एक पोहरा," निंबाजी स्वतःशीच पुटपुटला आणि उठला. समोरच्या मोठ्या दगडापर्यंत गेला, टेकला, दम खाल्ला. "अजून एक पोहरा." पुढच्या झुडपापर्यंत गेला, पुन्हा थांबला. घाई नाही, हट्ट नाही, पण थांबून राहणंही नाही.

तो वर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. महाप्रसादाची भांडी घासून पालथी पडली होती, वाजंत्री वाद्यं बांधत होते. पण त्याला येताना पाहून त्यांनी ती पुन्हा सोडली आणि असा काही दणका उडवला की सगळा डोंगर दुमदुमला. घामाने निथळणारा निंबाजी देवीसमोर उभा राहिला, वाकला आणि नातीच्या कानात म्हणाला, "जिवाई."

येसू हसतही होती आणि रडतही होती. तिने आधी देवीला नमस्कार केला, मग बापाच्या पायांना.

घरी आल्यावर निंबाजीने विहिरीच्या त्या जाड फळ्या सुताराकडे टाकल्या आणि त्यांचा पांगुळगाडा करून घेतला. तो ढकलत ढकलतच जिवाई पाऊल टाकायला शिकली, आणि तिच्या मागे वाकून वाकून आजोबा अंगणभर फिरले.

काही वर्षांनी पाऊस खरोखरच दडी मारून बसला. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या. निंबाजीच्या विहिरीत मात्र सकाळी उपसावं तितकं दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसायचं. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि पांढऱ्या मिश्यांचा तो म्हातारा स्वतः रहाट ओढायचा. दोराचं मागचं टोक जिवाईच्या हातात असायचं.

"दुष्काळ आलाय हो," सगुणा एकदा हसून म्हणाली. "कुलूप लावायचं का?"

निंबाजीने भरलेला पोहरा तिच्या घागरीत रिकामा केला, कपाळावरचा घाम पुसला आणि दोर पुन्हा खाली सोडला. विहिरीच्या कडेकडेने कासवाची फेरी चालूच होती.

तात्पर्य: शरीर ही कणगी नव्हे, विहीर आहे; ते रोज झेपेल तेवढं वापरत राहिलं, तरच त्यात रोज नवी ताकद भरत राहते.