तीनशे शिपायांच्या चिठ्ठ्या

कोंडगडाच्या किल्लेदाराचा हुकूम होता: तीनशे शिपायांच्या चिठ्ठ्या पथकवार लावा आणि प्रत्येक पथकात वयानं मोठा तो पुढे. सखोजी कारकुनानं आधी पथकं लावली; मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून वय लावायला गेला आणि पथकं विस्कटली. किल्लेदारानं त्याचा कडेलोट केला.

दुसऱ्या दिवशी तेच काम त्याच्या धाकट्या भावावर, म्हाळूवर आलं. त्यानं आधी सगळ्या चिठ्ठ्या वयाप्रमाणे एका रांगेत मांडल्या.

"गाढवा, आधी पथक की वय?" किल्लेदार गरजला. "हुकूम उलटा करतोस? न्या रे याला कड्यावर!"

शिपायांनी दंड धरले. तरी म्हाळू बोलून गेला, "पथकच मोठं, सरकार, म्हणून ते शेवटी. पागोटंही शेवटीच बांधतात, पण सगळ्यांत वर तेच असतं ना?"

"करून दाखव!"

म्हाळूनं रांगेतली एकेक चिठ्ठी क्रमानं उचलून ज्या त्या पथकाच्या ओळीत ठेवली. पथकं लागली आणि वयाचा क्रमही मोडला नाही.

किल्लेदार वरमला. "हे तुझ्या भावाला का नाही सुचलं?"

"सुचलं असतं, सरकार," म्हाळू म्हणाला, "दुसऱ्यांदा मांडायला तो उरला असता तर."