दुपारचे रकाने

"डिग्री नाही ती नाही, अक्कलही नाही का गं?" देवस्थळी मेट्रनबाई भर वॉर्डात द्रौपदा सिस्टरवर कडाडल्या. "दीड वर्षाच्या कोर्सवाल्या उद्यापासून माझ्या वॉर्डात नकोत!"

मी तिथली आया. तीस वर्षं पेशंट सांभाळलेल्या द्रौपदा सिस्टरला हे ऐकवायचं? माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

मेट्रनबाईंनी तापाचे तक्ते टेबलावर आपटले. "बघ! डिग्रीवाल्या पोरींनी दुपारी दोनपर्यंतचे सगळे रकाने भरलेत. तुझेच कोरे कसे?"

द्रौपदाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, दोनचा ताप अकरालाच ओळखायला डिग्रीत शिकवत असतील, मला अजून दोन वाजता पेशंटच्या काखेत थर्मामीटर लावूनच बघावा लागतो."