दोन माणसांचा दगड

“नको म्हणता, मग कारण तरी सांगाल की नाही, बाबा?”

हिंमतराव सरपंचाने तिसऱ्यांदा विचारलं. धुडकू बाबा चाळीस वर्षं गावचे पाटकरी. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे तेच ठरवत. हिंमतरावही त्यांच्याच हाताखाली पाटाचं काम शिकलेला. बाबांच्या सहीशिवाय ग्रामसभा नव्या बंधाऱ्याचा ठराव करणार नव्हती, आणि याला तर ठराव उद्याच हवा होता.

बाबा नदीच्या काठाशी जाऊन उभे राहिले.

“हा जुना बंधारा कमरेएवढासुद्धा नाही,” हिंमतराव म्हणाला. “माझा तीस फूट होईल. तालुक्यात नाव निघेल गावाचं.”

“नाव आहेच.” बाबांनी पुराने निखळलेला एक दगड दाखवला. “तेवढा बसव.”

सरपंच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. काठावर चार लोक बघत होते, म्हणून गडी बोलवायचं त्याच्या जिवावर आलं. दगड हलला, पण उचलेना. त्याने पुन्हा जोर लावला. पुन्हा... शेवटी ऐंशीच्या घरातले बाबा धोतर खोचून उतरले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. दगड जागेवर बसला.

हिंमतरावची छाती फुगली. खोटं कशाला सांगा, एवढा अभिमान त्याला निवडून आला त्या दिवशीही वाटला नव्हता.

“दोघांना उचलणार नाही असा एक दगड या बंधाऱ्यात सापडायचा नाही,” बाबा म्हणाले. त्यांचाही आवाज ताठ झाला होता. “दरवर्षी पूर पाडतो, दरवर्षी गाव बसवतं. सात पिढ्या झाल्या, कोणापुढे हात पसरला नाही आपण.”

हिंमतराव काठावर येऊन पँटचे दुमडलेले पाय सोडू लागला.

“तुझा बंधारा कशावर उभा राहणार?”

“कर्जावर. तीस वर्षांची मुदत आहे.”

“फेडणार कोण?”

“गाव फेडेल. आपण नाही तर आपली नातवंडं.”

“किती नातवंडं तुला?”

“अजून कुठली, बाबा... पोराचं लग्न व्हायचंय.”

बाबा काठावर बसून धोतराचा सोगा पिळू लागले.

“मग तुझ्या दगडाचं दुसरं टोक धरणारा आला, की सहीला मला हाक मार.”