एक हात जास्त

एकदा एक शिष्या होती, आणि तिला तीन रात्री झोप आली नव्हती. शिष्या म्हटलं की डोळ्यांपुढे आश्रम, पर्णकुटी आणि समिधांचा भारा उभा राहतो. ही तशी नव्हती. हिचं नाव राजमती. पाच वर्षांच्या मुलीची आई, वाणिज्य शाखेची पदवीधर, आणि कृष्णाकाठच्या एका हळदीच्या गावात अण्णांच्या हाताखाली मध्यस्थीचं काम शिकणारी. दोन व्यापारी एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले की लोक अण्णांकडे येत. एका पेढीला दुसरी पेढी विकत घ्यायची असली, तरीही अण्णांकडेच येत. अण्णा खाटेवर बसून ऐकत, आणि राजमती करारनाम्याचा मसुदा लिही.

झोप उडवणारी गोष्ट तशी क्षुल्लक होती. तिची मुलगी पद्मी हल्ली दुधाचे दोन पेले शेजारी शेजारी ठेवी, एक आपला, एक चुलतबहिणीचा. मग गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, दोन्हींची पातळी बघे. बोटभर फरक दिसला की दुधाला शिवायचीच नाही. "तिला जास्त आहे," एवढंच म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "मुलं असतातच अशी." राजमतीने मान हलवली, पण अंथरुणाला पाठ टेकली की एकच प्रश्न तिला छळू लागे. हे पोरीत आलं कुठून? नवऱ्याकडून आलं म्हणावं, तर त्या बिचाऱ्याला स्वतःच्या ताटात काय वाढलंय तेही कधी कळत नाही. उरलं एकच माणूस. आणि ते माणूस गेला पंधरवडाभर दुसऱ्याचा पेला एक डोळा मिटूनच बघत होतं.

त्या दुसऱ्याचं नाव सुकुमार.

झालं होतं असं. गावातली थोरली पेढी धाकटी पेढी विकत घेत होती. धाकट्या पेढीचे मालक थकले होते आणि पुढे चालवायला कोणी नव्हतं. आठ महिने राजमतीने या व्यवहारासाठी खस्ता खाल्ल्या. मालकांचा शब्द रोज बदले, तो तिने रोज नव्याने जुळवला. जुन्या हमालांना कामावरून काढायचं नाही, हे कलम तिने भांडून घातलं. शेवटच्या पंधरवड्यात थोरल्या पेढीच्या शेठजींनी शहरातून आपला माणूस बोलावला, तो सुकुमार. हाही अण्णांचाच शिष्य, पण फार पूर्वीचा. शहरात जाऊन मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार करून आलेला. त्याने एका दुपारी दोन्ही मालकांना समोरासमोर बसवलं, चहा पाजला, आणि संध्याकाळच्या आत सह्या झाल्या.

करारात एक कलम होतं. ज्याच्या हातून व्यवहार पूर्णत्वाला जाईल, त्याला मध्यस्थीचा मेहनताना, आणि पहिलं वर्षभर पेवांच्या आवाराची किल्लीही त्याच्याच ताब्यात. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या संमतीवाचून हळदीचं पोतं हलणार नाही. म्हणजे कारभारच त्याचा. हे कलम राजमतीनेच लिहिलं होतं. लिहिताना तिच्या मनात दुसरं कोणी नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

"आठ महिने मी उंबरे झिजवले," ती शेठजींना म्हणाली. "सुकुमाररावांनी नुसता चहा पाजला."

"आठ महिन्यांत तुला चहा पाजायचं सुचलं नाही, हा काय माझा दोष?" सुकुमार हसत म्हणाला.

शेठजींना हे भांडण मनातून आवडत होतं. दोन मध्यस्थ भांडत राहिले की मेहनताना पातळ होतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. ते म्हणाले, "असं करू. उद्या सकाळी मोठं पेव उघडायचंच आहे. आत उतरून जो पहिली मूठभर हळद वर आणेल, त्याच्या हातून व्यवहार पूर्ण झाला असं समजू. मेहनताना त्याचा, किल्ली त्याची."

राजमतीने अण्णांकडे पाहिलं. तिला वाटलं, अण्णा आता शेठजींची हजामत करतील. पण अण्णा म्हणाले, "चालेल. फक्त उतरण्याआधी दोघांनी एकेक कंदील सोडायचा. कंदील आणि दोर माझे."

राजमती थक्क झाली. पेव उघडल्या उघडल्या त्यात कोणी उतरत नाही, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. महिनोन्‌महिने लिंपून ठेवलेल्या त्या पोटात हवा मरून पडलेली असते. झाकण काढायचं, वारा खेळू द्यायचा, कंदील सोडून बघायचा. तो विझला तर माणूसही विझेल. अण्णांचा स्वतःचा थोरला भाऊ पेवातच गुदमरून गेलेला. तोच माणूस अशा पैजेला "चालेल" म्हणतो?

पण विचार करायला तिला फुरसत कुठे होती! ती मनात म्हणाली, सुकुमारच्या बाजूने बोलायचं असेल म्हणूनच चालेल म्हणाले. आणि तिला जुनीच गोष्ट आठवली. पंधरा दिवसांपूर्वी सुकुमार अण्णांच्या सोप्यात आला, तेव्हा अण्णा खाटेवरून उठून उभे राहिले होते. गुडघे दुखत असताना. चार पावलं पुढे गेले होते. राजमती सहा वर्षं रोज येत होती, येताना त्यांची औषधाची पुडी आणत होती. तिच्यासाठी अण्णा एकदाही उठले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेवापाशी माणसं जमली. हमालांनी तोंडावरची माती फोडली, दगड सरकवला. आतून उबट, कडवट वास आला. वीस हात खोल पेव, आणि हळद तळापासून चारपाच हात.

आधी सुकुमारने कंदील सोडला. दोन्ही दोरांना अण्णांनी हाताहातावर गाठी मारलेल्या होत्या. सगळे मोजत होते. सात, आठ, नऊ. नवव्या गाठीला ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली.

मग राजमतीचा. नवव्या गाठीला तिने श्वास रोखला. ज्योत थरथरली, पण राहिली. दहाव्या गाठीला विझली.

"दहा!" ती ओरडली. स्वतःचाच आवाज तिला पद्मीसारखा वाटला, पण तेवढंच. "माझा दहा हात गेला!"

"दोर आखडलाय तिचा," सुकुमार म्हणाला. "गाठी बघा. तिच्या गाठी जवळजवळ आहेत."

"माझ्या गाठी जवळ? गाठी अण्णांनी मारल्यात, त्यांना विचारा!"

"वैनी, तुमच्या कंदिलात त्याल जास्त हुतं," एक म्हातारा हमाल म्हणाला, आणि बाकीचे खो खो हसले.

"तात्या, तुम्ही मध्ये बोलू नका!"

"परत सोडा," सुकुमार म्हणाला. "दोर बदलून सोडा."

"का म्हणून? एकदा जास्त ते जास्त." राजमतीने पदर कमरेला खोचला. शिडी पेवाच्या तोंडाशी लावलेलीच होती. तिने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. का ठेवला, हे तिला नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. तिचा कंदील जास्त खाली गेला होता, एवढंच त्या क्षणी तिला ठाऊक होतं.

अण्णांची काठी तिच्या छातीसमोर आडवी आली.

"पोरी," ते म्हणाले, "तुझी पद्मी किती वर्षांची झाली?"

"पाच."

"मग तिला काय सांगायचं ते आत्ताच सांगून ठेव. म्हणजे मला चुकायला नको. तुझी आई त्या माणसापेक्षा एक हात जास्त खाली गेली, असं सांगू?"

राजमतीने पाय मागे घेतला. ती तिथेच मातीत बसली.

अण्णाही काठीच्या आधाराने हळूहळू खाली बसले. म्हणाले, "कंदील खोली मोजायला सोडत नाहीत. खाली जीव राहील का, एवढंच विचारायला सोडतात. दोन्ही कंदिलांनी एकच उत्तर दिलं, येऊ नका. तुम्ही दोघं शिकलेली माणसं, पण तुम्हाला ते ऐकूच आलं नाही. तुम्हाला ऐकू आलं नऊ आणि दहा. काल रात्री मी गाठी मारत होतो, तेव्हाच मला हे ठाऊक होतं. पण सांगून तुम्हाला पटलं नसतं. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात, ते खोटं आहे. मत्सरी माणसाला फार बारीक दिसतं. बोटभर फरक दिसतो. फक्त समोरचं पेव दिसत नाही."

शेठजी घसा खाकरून म्हणाले, "मी आपलं गमतीनं बोललो होतो, अण्णा."

"हो ना. आणि यांतलं कोणी वर आलं नसतं, तर मेहनताना पुरताच वाचला असता," अण्णा म्हणाले. शेठजी कुठेतरी लांब बघू लागले.

"आता काय करायचं?" राजमतीने विचारलं.

"काही नाही. उघडं ठेवायचं. वारा खेळेल. आपण सावलीत बसू."

हमालांनी दोराला कडुलिंबाच्या पाल्याचा भारा बांधला आणि तो पेवात खालीवर हलवत राहिले. उन्हं चढली. अण्णा, राजमती आणि सुकुमार झाडाखाली बसले. राजमती मातीत रेघोट्या ओढत होती. अखेर मान वर न करता ती म्हणाली, "अण्णा, मला सुकुमाररावांचा हेवा वाटतो. मेहनतान्याचा नव्हे. म्हणजे मेहनतान्याचाही वाटतो, खोटं कशाला बोलू? पण हे आले तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. मी सहा वर्षं येतेय. माझ्यासाठी तुम्ही कधी उठला नाहीत."

बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी शिकलेली बाई, आणि तक्रार काय, तर म्हणे उठला नाहीत!

अण्णा आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिले. "अगं, घरच्या माणसासाठी कोण उठतं? पाहुणा आला की उठायचं."

राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने तोंड फिरवलं, आणि तिला सुकुमारचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता. त्याने मान खाली घातली होती.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही उठलात तेव्हाच. मी दारातून बघितलं, तर ही तुमच्या खाटेशी पाय पसरून बसली होती, मसुदा मांडीवर घेऊन. तिला मी आल्याचा पत्तासुद्धा नव्हता. मला वाटलं, ही जागा माझी होती." मग तो म्हणाला, "अण्णा, पुढच्या वेळी मला बसूनच भेटा."

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पेवाकडून पाल्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

दुपार कलल्यावर म्हाताऱ्या हमालाने कंदील पुन्हा सोडला. कोणी गाठी मोजल्या नाहीत. ज्योत थेट हळदीपर्यंत गेली आणि तिथे शांतपणे जळत राहिली. खालचा ढीग उजेडात सोन्यासारखा दिसला. मग शिडीवरून माणसं उतरली, आणि हळद वर आली.

कलम राजमतीने तिथेच, झाडाखाली, नव्याने लिहिलं. मेहनताना निम्मा निम्मा. आणि आवाराला दोन कुलपं, एक तिचं, एक सुकुमारचं. दोघं असतील तेव्हाच दार उघडेल.

"दोन किल्ल्यांनी कुठे पेढी चालते का?" शेठजी कुरकुरले.

"दोन बैलांनी गाडी चालते, शेठ," अण्णा म्हणाले. "फक्त दुसऱ्याच्या पुढ्यातली वैरण मोजत बसायचं नाही." शेठजींनी सही केली.

हेवा त्या दिवशी संपला का? तसं म्हणणं धाडसाचं होईल. दुसऱ्याच आठवड्यात सुकुमारच्या कुलपाचं पितळ आपल्यापेक्षा जाड आहे, हे राजमतीच्या नजरेतून सुटलं नाही. पण आता ते दिसलं की ती त्याला तोंडावर सांगे, आणि तो हसे, आणि वारा खेळे. कोंडून ठेवलेलं तेवढं विषारी होतं, एवढं तिला उमगलं होतं.

पेव उघडलं त्याच संध्याकाळी तिने पद्मीला जवळ घेतलं आणि दुधाचा पेला तिच्या हातात देऊन सगळी गोष्ट सांगितली. खोल खोल पेव, दोन कंदील, नऊ आणि दहा, अण्णांची काठी, पाल्याचा भारा. आई सकाळी कशी वेड्यासारखी वागली, हेही सांगितलं. पद्मी डोळे मोठे करून ऐकत होती. पलीकडे चुलतबहीण दूध पीत होती, पण पद्मीने तिच्या पेल्याकडे एकदाही पाहिलं नाही. राजमतीचा ऊर भरून आला. पोचलं, ती मनात म्हणाली. उद्या अण्णांना सांगायला हवं. एवढ्याशा जिवाला समजलं, आणि मला तीस वर्षं लागली.

पद्मीने रिकामा पेला खाली ठेवला, ओठांवरची साय जिभेने पुसली, आणि बराच वेळ विचार करून विचारलं, "पण आई, मग आधी कोण उतरलं?"