चुंबळ

“पण ते टिकत का नाही, बाबा?”

नाथान उजागरे चर्चच्या पायरीपुढे गुडघे टेकून हे विचारत होता. आमचे म्हातारे पाळकबाबा पायरीवर बसले होते, कोवळ्या उन्हाकडे पाठ करून. मी आवारातला कडुनिंबाचा पाला झाडत होतो. प्रश्न ऐकला आणि खराटा आपोआप थांबला.

नाथान गावच्या शाळेत मास्तर. आवाज गोड, प्रार्थना त्याहून गोड. दरवर्षी उन्हाळ्याच्या मेळाव्यात समर्पणाची हाक झाली की सगळ्यांच्या आधी तो पुढे जाई. रडे. आयुष्य प्रभूला वाहिलं, असं सर्वांदेखत सांगे.

आणि पेरण्या उरकेपर्यंत पुन्हा तोच नाथान... तोच राग, तीच धारेची जीभ, घरात बायकोशी तेच तुटक बोलणं.

हे सगळं त्यानंच बाबांना सांगितलं. काही लपवलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

या खेपेला त्यानं मन घट्ट केलं होतं. उपास धरला होता. रोज पहाटे टेकडीवर जाऊन प्रार्थनेला बसत होता. आता बाबांनी डोक्यावर हात ठेवून आपल्याला देवासाठी वेगळं करावं, म्हणजे गाठ कायमची बसेल, असं त्याचं म्हणणं होतं.

“आणि नाहीच बसली तर?” बाबांनी विचारलं.

“तर मी ही पायरी पुन्हा चढणार नाही. दरवर्षी देवाला फसवण्यापेक्षा ते बरं.”

तो हे रागानं म्हणाला असता तर मी मनावर घेतलं नसतं. तो शांतपणे म्हणाला.



तेवढ्यात खालून रिबका आली. नाथानची बायको. विहीर खाली ओढ्याकाठी, मास्तरांचं घर वर शाळेमागे, आणि चर्च चढणीच्या मध्यावर. तिचे दिवस भरत आले होते. रोज सकाळी ती इथवर आली की हंडा पायरीवर टेकवी, दम खाई आणि मग उरलेली चढण चढे. नाथानला हे ठाऊक नव्हतं. त्या वेळी तो टेकडीवर असे.

नवऱ्याला पाहून ती बिचकली. बाबांनी उठून हंडा उतरवून घेतला. ती हळूच खाली बसली. डोक्यावरची, हंड्याखालची चुंबळ काढून तिनं पायरीवर ठेवली. जुन्या लुगड्याची पट्टी ती, रोज वळून वळून मऊ झालेली.

नाथाननं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटून मान खाली घातली. हात डोक्यावर यायची वाट बघत.

“तू काय केलंस म्हणालास?” बाबांनी विचारलं.

“वाहून घेतलं, बाबा. स्वतःला.”

“वाहून घेतलंस.”

“हो.”

“मग काय वाहतोस?”

नाथान अडखळला. “... जीवन.”

“जड आहे?”



बाबांनी पायरीवरची चुंबळ उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

नाथाननं डोळे उघडले. हातानं चाचपलं. काय आहे ते कळलं, तसा त्याचा चेहरा लाल झाला.

“बाबा, मी आशीर्वाद मागत होतो.”

बाबांनी रिबकेला विचारलं, “अजून किती खेपा राहिल्यात, पोरी?”

“एकच. पण मी आणीन की. त्यांना नका सांगू, बाबा... लोक हसतील.”

खरंच होतं ते. आमच्याकडे पुरुषानं पाणी आणलं तर कावडीनं आणायचं, नाहीतर सायकलला डबे लटकवून. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर हंडा घेतलेला पुरुष कुणी पाहिला नव्हता.

“हसतील,” बाबा म्हणाले.

नाथान उठला. आता ती चुंबळ हा फेकून देतो, असं मला वाटलं. पण त्याची नजर रिबकेच्या पावलांवर गेली होती. पावलं सुजली होती. मला वाटतं, ती त्यानं त्या दिवशीच पाहिली.

 भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तो वर घरी गेला. रिकामा हंडा घेऊन खाली आला, आमच्यासमोरून गेला आणि विहिरीकडे वळला.

चर्चच्या पायरीवरून विहीर दिसत नाही, पण तिथलं बोलणं ऐकू येतं. आधी सगळं गप्प झालं. मग कौसाबाईचा आवाज आला, “मास्तर, पदर पण घ्या की डोक्यावर. ऊन लागंल.”

दुसरी कुणी म्हणाली, “कितवा महिना लागला, मास्तर?”

बायका खूप हसल्या. रिबकेनं तोंडावर हात धरला. ती रडते की हसते, मला कळेना.

नाथानचा आवाज काही आला नाही. एरवी त्यानं एकेकीची साल काढली असती.

मग चढणीवर हंडा पडल्याचा आवाज आला... घरंगळत गेल्याचाही.

तो वर आला तो चिंब भिजून. एका हातात पोचा आलेला हंडा, दुसऱ्या हातात सुटलेली पट्टी. हंडा त्यानं पायरीवर आदळला नाही. ठेवला.

“त्यांना मी काही बोललो नाही, बाबा,” तो म्हणाला. “पण मनात बोललो. सगळं बोललो. आणि तोल गेला.”



त्यानं पट्टी पुढे धरली. “ही टिकत नाही. मी किती घट्ट वळली होती.”

“माझी पण सुटते,” रिबका म्हणाली. “रोजच सुटते.”

नाथाननं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

बाबांनी पट्टी घेतली. पिळून पाणी काढलं. चार बोटांभोवती गुंडाळली, टोक आत खोचलं आणि चुंबळ त्याच्या ओल्या केसांवर ठेवली. ठेवली आणि हात काढला नाही. तळवा तसाच चुंबळीवर राहिला. ओठ हलत होते. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. रिबकेनंही मान लववली होती. मी खराटा खाली ठेवला.

...

नाथान उठला. हंडा काखेत घेतला. विहिरीकडे थोडा चालला आणि थांबला. मागे न वळताच त्यानं विचारलं.

“पुन्हा सुटली तर, बाबा?”

बाबा पायरीवर बसले होते, कोवळ्या उन्हाकडे पाठ करून.

“सुटू दे,” ते म्हणाले. “विहीर कुठं जात नाही.”