टिटवीच्या पायाला बसलेला चटका

एका माळरानावर एक टिटवी राहत असे. तिला ना झाड, ना घरटे. उघड्या खड्यांमध्येच तिने चार अंडी घातली होती. मागच्या वर्षीची सगळी अंडी उन्हाने गेली होती. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. त्याच माळावर एक करकोचा होता. तो रोज सकाळी उंच आभाळात घिरट्या घाली आणि वरूनच ओरडून दिवसाचे हवामान सांगे. आठ दिवस ढग होते आणि आठही दिवस त्याचा शब्द खरा ठरला होता.

नवव्या दिवशी आभाळ लख्ख उघडले. "हवा कालसारखीच गार! खुशाल चरायला जा!" करकोचा ओरडला. टिटवी उठली, दोन पावले चालली आणि थबकली. पायाला चटका बसला होता! "अहो, जमीन तापतेय!" ती म्हणाली. दगडावरचा सरडा मान हलवत हसला, "रात्री पाय वर करून आभाळ पेलतेस म्हणे, आणि उन्हाला भ्यालीस? आठ दिवस चुकले नाहीत ते करकोचेबुवा आज चुकतील होय?" "आभाळाचे बुवांना ठाऊक. पायाखालचे मला कळते," असे म्हणून टिटवी भिर्रकन जवळच्या ओढ्याकडे उडाली.

आणि मुलांनो, मग काय धावपळ! पोट पाण्यात बुडवायचे, परत यायचे, ओल्या पिसांनी अंडी भिजवायची, की पुन्हा ओढा! थोड्याच वेळात सरडाही एक पाय उचल, दुसरा टेक, असा नाचू लागला. "अगं, धाव, धाव!" आता तोच ओरडत होता. भर दुपारी करकोचा ऐटीत खाली उतरला आणि "अगाई गं!" करून हातभर उडाला. "वर तर अजून गारवा आहे!"

"असेल," टिटवी धापा टाकत म्हणाली. "ढग होते तोवर वरचे आणि खालचे सारखेच होते, बुवा. आज सगळे ऊन थेट जमिनीवर येतेय. ते वरून कसे कळणार?" करकोच्याने पंख पसरले आणि अंड्यांवर सावली धरली.

ऊन कलताना टक् टक् आवाज आला. एक चोच! दुसरी! तिसरी! चौथे अंडे मात्र हलले नाही. टिटवी त्याच्याजवळ थोडा वेळ बसली, मग पिल्लांना ओढा दाखवायला निघाली. दुसऱ्या दिवसापासून करकोचा आधी जमिनीवर पाय टेकवी आणि मगच हवामान सांगे.

तात्पर्य : उंचावरून पुष्कळ दिसते, पण जमिनीचा चटका तिथवर पोचत नाही, म्हणून जमिनीवर राहणाऱ्यालाही विचारावे.