राजाची सुरई

फार फार वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, उंच डोंगरांच्या कुशीत एक खोरे होते. तिथली म्हातारी कुंभारीण नुसत्या बोटांनी मातीच्या सुरया घडवी. गावातल्या प्रत्येकाची सुरई वेगळी, कारण तिच्यावर त्याचाच चेहरा असे. नाक वाकडे असेल तर वाकडे, गालावर व्रण असेल तर व्रणासकट! लोक कुरकुरत, हसत आणि आपापल्या सुरईतून मक्याची आंबील पीत.

मग एका परक्या राजाने ते खोरे बळकावले. गावाला त्याने किल्ल्याचे दगड वाहायला जुंपले. तेवढ्याने पोट भरेना, म्हणून दवंडी पिटवली, "सगळ्या सुरया फोडा! यापुढे सुरईवर फक्त माझा चेहरा!"

म्हातारी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, आमच्यात माणूस मेला की मगच त्याची सुरई फोडतात. माझी नात चार वर्षांची आहे. जिवंतपणी तिची सुरई मी फोडणार नाही."

"तुमच्या रीती गेल्या चुलीत," राजा म्हणाला. "आधी माझी सुरई घडव."

"घडवते की. बसा समोर."

तिने त्याला दिवसभर न्याहाळले. सुरई भाजून निघाली, तेव्हा सारे गाव बघायला जमले. सुरईवर राजाच होता! हावरे डोळे, आवळलेले ओठ आणि कपाळावर भीतीची आठी. एक शिपाई फिसकन हसला. राजाचा तोल गेला. त्याने सुरई उचलली आणि दगडावर आपटली.

म्हातारीने वाकून एक तुकडा उचलला.

"राजा गेला," म्हातारी शांतपणे म्हणाली.

लोकांनी खांद्यावरचे दगड खाली ठेवले. बायकांनी रीतीप्रमाणे दोन टिपे गाळली, खरी का खोटी ते विचारू नका. मग सगळे घरी निघाले.

"मी जिवंत आहे! कामाला लागा!" राजा ओरडत राहिला.

दुसऱ्या एका शिपायाने म्हातारीला अडवून तिच्या गळ्याला भाला लावला. ती हललीसुद्धा नाही. "मार हवं तर. पण मेलेल्याचा हुकूम या खोऱ्यात कोणी पाळत नाही."

दुसऱ्या दिवशी कोणी दगड उचलला नाही, कोणी फौजेसाठी मका दळला नाही. आठव्या दिवशी उपाशी फौज खिंडीतून परत फिरली. तिच्या मागोमाग राजाही निघाला, पायीच, कारण त्याची पालखी उचलायलाही कोणी उरले नव्हते.

तात्पर्य : ज्याला स्वतःचा खरा चेहरा सोसवत नाही, त्याची सत्ता लोकांनी पाठ फिरवताच संपते.